जोगचा धबधबा: गाडीने जायचं तर कधी आणि कसं?

वळणवाट
नमस्कार मंडळी. पुण्याहून गाडी काढायची, घाटमाथ्यावरून कर्नाटकातल्या शिरसी-जोगपर्यंत जायचं आणि येताना होन्नावरला समुद्र गाठून किनाऱ्याकिनाऱ्याने गोवा, सिंधुदुर्ग करत परतायचं, असा मोठा फेरा यंदा ऑगस्टअखेर केला. गोव्यावर इथे धाग्यांचा तुटवडा नाही, म्हणून ते सोडतो. जोगबद्दल मराठीत शोधलं की मात्र दोन ओळींची माहिती मिळते, नाहीतर ड्रोनचे व्हिडिओ. त्यासाठी हा धागा.

बेळगावपर्यंतचा रस्ता सगळ्यांना पाठ आहे. तिथे मुक्काम. सकाळी कुंदा बांधून घेतला, धारवाडला पेढे, हुबळीला गिरमिट. (आमची मंडळी बाकी कशात नसली तरी खाण्यात शिस्तीची आहेत.) हुबळीला हमरस्ता सोडून तडस, मुंडगोड करत शिरसी धरायची. इथून प्रवास खरा सुरू होतो. हुबळीच्या आसपास काळी सपाट जमीन, कापूस आणि मका. मुंडगोडच्या पुढे सागवान लागतं, तिबेटी वसाहतीचे फलक दिसतात, आणि शिरसी जवळ आली की रस्त्याच्या खालच्या अंगाला सुपारीच्या बागा. तासाभरात हवा, माती, घरांची छपरं सगळं पालटतं. शिरसीत मारिकांबेचं दर्शन घेतलं. देवळाच्या भिंतींवर कावेची नक्षी आहे, गोव्या-कोकणातल्या जुन्या देवळांत दिसते तीच जात.

शिरसीहून सिद्दापूर, मावीनगुंडी करत जोग साधारण ६० किलोमीटर. पावसात दोन तास धरा. रस्ता अरुंद पण बरा होता.

पोचलो तेव्हा समोर काहीच नव्हतं. म्हणजे कठडा होता, कठड्याला टेकलेली दोनेकशे माणसं होती आणि पलीकडे नुसतं पांढरं. आवाज मात्र असा की शेजारच्याशी बोलायला कानाजवळ तोंड न्यावं लागे. सासूबाई म्हणाल्या, "इथे धबधबा आहे हे कानांना कळलंय, डोळ्यांना अजून कुणी सांगितलं नाही." बरेच लोक पाच मिनिटं थांबून, धुक्यात सेल्फी काढून निघून गेले. आम्ही भाजलेलं कणीस आणि मिरची भजी घेऊन बसून राहिलो. अर्ध्यापाऊण तासाने दरीतून वारा वर आला आणि धुकं एका बाजूने उचललं गेलं. आधी राणी दिसली, मग रॉकेट, मग रोअरर, शेवटी राजा. पाचसात मिनिटं सगळं लख्ख. मग पुन्हा बंद. असं तीनदा झालं.

चार धारांची नावं उगाच पडलेली नाहीत. राजा कड्यावरून सुटतो तो मध्ये कुठेही न टेकता थेट खाली, २५३ मीटर. रोअरर त्याच्या शेजारून निघून आधी खडकातल्या एका खोलगट जागेत आपटतो आणि तिरका होऊन राजाच्याच कुंडाकडे जातो. जास्तीत जास्त आवाज त्याचा. रॉकेट खडकावर आदळून फवाऱ्यांनी बाहेर फेकला जातो. राणी कड्याला धरून, पसरत, सावकाश उतरते. जुन्या इंग्रजी वर्णनांत तिचं नाव 'दाम ब्लांश' असंही सापडतं.

दुसऱ्या दिवशी नदीवरचा पूल ओलांडून उत्तर कन्नडच्या बाजूला, जुन्या बंगल्याकडे गेलो. समोरून दिसतो तो देखावा. इथे तुम्ही पाण्याच्या बरोबरीने उभे असता आणि पाणी खाली निघून जाताना बघता. मला ही बाजू जास्त आवडली. बायकोला अजिबात नाही, ती गाडीपाशीच थांबली.

ज्यांनी इतर ऋतूंत जोग पाहिलाय त्यांनी लिहावं. आम्हाला पाणी भरपूर मिळालं, पण हॉटेलवाला म्हणाला की तुमचं नशीब, दरवर्षी असं नसतं. ते कसं काय, जाणकारांनी प्रकाश टाकावा.

अर्धा_कप
छान लिहिलंय. वाचनखूण साठवली. फोटो टाका हो!

पायपीट
नशीबच म्हणायचं. मी मे महिन्यात गेलो होतो, मुलांना घेऊन, मुद्दाम वाट वाकडी करून. कड्यावर पाण्याचे दोन ओघळ. आमच्या सोसायटीच्या टाकीची गळती याहून जोरात असते. 'भारतातला सर्वात उंच धबधबा' म्हणून बोलावतात आणि दाखवतात काय, तर काळा कातळ. माझ्या मते निव्वळ फसवणूक आहे. त्यापेक्षा आपलं ठोसेघर काय वाईट?

सह्यधार
@पायपीट, मे महिन्यात ठोसेघरला तरी काय असतं? :)
आणि सर्वात उंच वगैरे जुन्या शालेय पुस्तकांतलं आहे. मेघालयातला नोहकालिकाई ३४० मीटर आहे, म्हणजे सरळ कोसळणाऱ्यांत तोच वरचढ. दूधसागर ३१० मीटर सांगतात, पण तो टप्प्याटप्प्याने उतरतो. जोगचं वैशिष्ट्य उंचीच्या क्रमांकात नाही. एवढी मोठी नदी अख्खीच्या अख्खी एका कड्यावरून, मध्ये पायरी न घेता पडते, ते वैशिष्ट्य.

मिरजमाहेर
मी लग्न होऊन सागरला आले, जोग आमच्यापासून तीसेक किलोमीटर. माहेरचं कुणीही आलं की त्यांना जोगला नेणं हे माझं ठरलेलं काम, त्यामुळे बाराही महिन्यांतला जोग पाहून झालाय. थोडं सविस्तर लिहिते.

जोगची नदी शरावती. ती तीर्थहळ्ळीजवळ अंबुतीर्थाला उगम पावते आणि जेमतेम १२८ किलोमीटर वाहून होन्नावरला समुद्राला मिळते. नदी लहान, पण मलनाडातला, म्हणजे इथल्या डोंगराळ मुलखातला, सगळा पाऊस पोटात घेऊन येते. धबधब्याच्या वर सहाएक किलोमीटरवर लिंगनमक्की धरण आहे, १९६४ सालचं. त्याआधी १९४८ मध्ये धबधब्याच्या पायथ्याशी वीजघर सुरू झालं, आज ते महात्मा गांधी जलविद्युत केंद्र म्हणून ओळखलं जातं. लिंगनमक्की बांधल्यावर नदीचं जवळपास सगळं पाणी अडलं, आणि ते तळकळले नावाच्या छोट्या जलाशयातून वळवून शरावती वीजघराकडे नेलं जातं. म्हणजे बहुतेक पाणी धबधब्याला न भेटताच डोंगर उतरतं.

मग जोगला जे दिसतं ते काय? दोन गोष्टी. पहिली, धरणाच्या खालच्या थोड्या मुलखात पडणारा पाऊस. जून-जुलैत हा पाऊस चांगला असला की चारही धारा दिसतात, पण पातळ. दुसरी, धरण भरल्यावर दरवाजे उघडतात ते पाणी. धरणाची पूर्ण पातळी १८१९ फूट. ती गाठायला आली की विसर्ग सुरू होतो, साधारण ऑगस्टमध्ये किंवा सप्टेंबरमध्ये. पाऊस कमी झाला तर अख्खं वर्ष दरवाजे उघडतच नाहीत. वळणवाट यांना मिळाला तो दरवाजे उघडे असतानाचा जोग.

त्यामुळे यायच्या आधी पावसाचा अंदाज बघू नका, लिंगनमक्कीची पातळी बघा. पावसाळ्यात इथल्या कन्नड वर्तमानपत्रांत रोज येते. आकडा १८१० च्या पुढे गेला आणि पाऊस चालू असला की मी माहेरी फोन करते, सामान भरा म्हणून.

पोफळीकर
वा, ताई, एकदम मुद्द्याचं. आम्ही चिपळूणकडचे, त्यामुळे हे गणित लगेच कळलं. कोयनेचंही तेच आहे की. कोयना १०५ टीएमसी (अब्ज घनफूट). लिंगनमक्की बहुतेक दीडशेच्या घरात आहे, म्हणजे कोयनेच्या जवळपास दीडपट. आपल्याकडे नदी घाटमाथ्यावर पूर्वेला जात होती, तिला बोगद्यातून पश्चिमेला पोफळीकडे उतरवलं. तिथे नदी आपणहून पश्चिमेला उडी मारत होती, तिची उडी काढून घेतली. तत्त्व एकच, उंचीवरून पाणी पाडून वीज करायची. फरक एवढाच की कोयनेच्या बाबतीत पर्यटकाचं काही हरवलं नाही, म्हणून कुणी तक्रार करत नाही.

हरवलं ते गावांचं. दोन्हीकडे.

मिरजमाहेर
@पोफळीकर, हो, १५१ च्या आसपास टीएमसी. आणि गावांचं म्हणालात ते खरं आहे. आमच्या ओळखीत अशी घरं आहेत ज्यांची सुपारीची बाग, देऊळ, सगळं पाण्याखाली गेलं आणि शिवमोग्याच्या बाजूला माळावर जमीन मिळाली. त्या जमिनीच्या कागदांचं भांडण अजून मिटलेलं नाही, दर निवडणुकीत ते वर येतं. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की लिंगनमक्कीच्या पोटातलं आधीचं धरण, हिरेभास्कर, उघडं पडतं. एका धरणाने दुसरं धरण बुडवलेलं असं दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळेल. त्याचे सायफन अजून शाबूत आहेत. @पायपीट, मे महिन्यात आलात तर जोगऐवजी ते बघा, पैसे वसूल.

पायपीट
हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तिथे एक फलक लावायला काय जातं, 'आज पाणी नाही' म्हणून?

गाडीवान
फलक लावला तर कणसं कोण घेईल?

शमा_टोरांटो
सगळे प्रतिसाद वाचून गंमत वाटली, कारण आमच्या नायगाऱ्याची गोष्ट याहून वेगळी नाही, फक्त ती पर्यटकाला जाणवू देत नाहीत. भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तिथे नेते, म्हणून मिरजमाहेर यांचं दुःख समजू शकते!

अमेरिका आणि कॅनडा यांच्यात १९५० मध्ये करार झाला. त्यानुसार पर्यटनाच्या हंगामात दिवसा दर सेकंदाला किमान १ लाख घनफूट पाणी धबधब्यावरून जाऊ द्यायचं, आणि रात्री व हिवाळ्यात किमान ५० हजार. उरलेलं दोन्ही देशांची वीजघरं उचलतात. म्हणजे रात्री नायगारा अर्धा होतो. आपण दिवसा बघतो तोही पूर्ण नसतोच, पण बघणाऱ्याला पूर्ण वाटेल इतका ठेवलेला असतो. जोगला असा करार का नाही, दर रविवारी दोन तास तरी?

पोफळीकर
@शमा, नायगाऱ्याच्या मागे पाच महासरोवरांपैकी चार आहेत. ती बाराही महिने भरलेली. शरावतीला चार महिन्यांचा पाऊस, आणि त्यावर वर्षभर वीज काढायची. मार्चमध्ये रविवारचे दोन तास सोडलेलं पाणी म्हणजे मे महिन्यातली तेवढी वीज गेली. करार करायला हातात शिल्लक लागते.

सह्यधार
तरी शमाताईंचा मुद्दा अगदीच उडवून लावण्यासारखा नाही. नायगाऱ्याला 'बघणं' ही पाण्याची एक गरज म्हणून कागदावर मोजली गेली. आपल्याकडे ती मोजलीच जात नाही, सौंदर्य म्हणजे उरलेलं पाणी. शिवाय बघण्याचं सोडा, धबधब्याखालच्या दरीत जे जगतं त्याला पाणी कोण मोजतं? गेरसोप्प्याचा घाट म्हणजे सिंहपुच्छ वानरांचं राखीव रान आहे. आता त्याच खोऱ्यात २००० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प घाटतोय, खालच्या जलाशयातलं पाणी रात्री वर चढवायचं आणि गरजेला परत सोडायचं. त्याला तिथे मोठा विरोध चालू आहे.

मिरजमाहेर
विरोध आहे, आणि गावागावांत दोन तटही आहेत. त्यावर वेगळा धागा काढू या, इथे सुरू झालं तर वळणवाट यांचा धबधबा राहील बाजूला.

इतिहासवेडा
उत्तम धागा. वळणवाट यांनी 'जुना बंगला' असा ओझरता उल्लेख केलाय, त्यामागे आपला थोडा संबंध आहे. कारवारचा मुलूख, म्हणजे उत्तर कन्नड, १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडला आणि १९५६ पर्यंत तो मुंबईकडेच होता. पलीकडचं सागर म्हैसूर संस्थानात. म्हणजे धबधब्याच्या एका काठावर मुंबई सरकार आणि दुसऱ्या काठावर म्हैसूरचे महाराज. दोन्ही काठांवर दोन बंगले आहेत ते त्यामुळे. आजही नदी ओलांडली की जिल्हा बदलतो.

दुसरं. जोगला जाऊन सागरजवळची केळदी आणि इक्केरी न बघता परतणं मराठी माणसाला शोभत नाही. १६८९ मध्ये राजाराम महाराज जिंजीकडे निघाले तेव्हा औरंगजेबाची माणसं मागावर होती. त्या वाटेवर त्यांना आसरा दिला तो केळदीच्या राणी चेन्नम्मांनी. बादशहाने त्याबद्दल त्यांच्यावर फौज पाठवली, तरी त्या डगमगल्या नाहीत. राजधानी तोवर बिदनूरला, आजच्या नगरला गेली होती, पण घराण्याचं मूळ केळदी. तिथलं देऊळ आणि छोटं संग्रहालय बघण्याजोगं आहे. इक्केरीचं अघोरेश्वराचं देऊळ तर एकटंच एका सकाळीचा ऐवज आहे.

गेरसोप्प्याचीही एक राणी होती, सोळाव्या शतकातली चेन्नभैरादेवी. मिरीचा व्यापार हातात असल्यामुळे पोर्तुगीज तिला मिरीची राणी म्हणत. जोगला आपल्याकडचे जुने लोक 'गेरसप्पाचा धबधबा' म्हणतात ते तिच्याच गावावरून, पण गाव धबधब्याजवळ नाही, घाट उतरून खाली आहे. तिथे जंगलात चतुर्मुख बसदी, म्हणजे जैन मंदिर, आहे. चारही दिशांना दारं, आत चार दिशांना तोंड केलेल्या जिनमूर्ती, आणि भोवताली चिटपाखरू नाही. गर्दीला कंटाळलेल्यांनी तिथे जावं.

वळणवाट
@मिरजमाहेर, तुमच्या प्रतिसादाने धाग्याचं सार्थक झालं. @इतिहासवेडा, केळदी हुकली नाही. सासूबाई इतिहासाच्या शिक्षिका होत्या, त्यांनी आधीच ठरवलं होतं. संग्रहालयाच्या माणसाशी त्यांचं मराठीत, त्याचं कन्नडमध्ये, असं अर्धा तास व्यवस्थित बोलणं झालं.

कुंदा_बेळगाव
दसऱ्याला जायचा विचार आहे. सोबत आईबाबा, दोघंही सत्तरीच्या पुढचे, आणि बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. जमेल का? खाली उतरायच्या पायऱ्या आहेत म्हणे.

वळणवाट
कुंदाताई, आरामात जमेल. गाडीतळापासून कठडा जवळ आहे, आणि तिथून सगळं दिसतं. पायऱ्या हजाराच्या वर आहेत, चौदाशे म्हणतात, आणि पावसाळ्यात निसरड्या झाल्या की त्या बंदच ठेवतात. आम्ही गेलो तेव्हा बंद होत्या. त्या मोहात आईबाबांना पाडायचं कारण नाही.

गाडीवान
मी उतरलोय पायऱ्या, डिसेंबरात. उतरणं सोपं. चढताना प्रत्येक वळणावर बसलेल्या लोकांचे चेहरे बघितले की कळतं आपण काय केलंय. पण खालून वर बघितल्यावर २५३ मीटर म्हणजे काय ते मानेला कळतं. वरून ते नुसता आकडा राहतो. तरुणांनी जरूर उतरावं, पाणी बरोबर घेऊन.

आणि @पायपीट यांच्याशी थोडा असहमत. कमी पाण्याचा जोग मला वाईट नाही वाटला. डिसेंबरात धुकं नसतं, दरी तळापर्यंत स्वच्छ दिसते, चारही धारा सुट्या सुट्या, एकेकीची चाल ओळखता येते. वळणवाट यांनी जी नावांची फोड केलीय ती ऐन पुरात दिसत नाही, कारण भर विसर्गात चारांची एकच भिंत होते.

वळणवाट
हे बरोबर आहे. आम्हालाही चार धारांची चाल नीट ओळखता आली ती दुसऱ्या दिवशी, विसर्ग कमी केल्यावर. पहिल्या दिवशी धुकं उचललं तेवढी मिनिटं सोडली तर नुसता गडगडाट होता.

अर्धा_कप
म्हणजे आवाज हवा तर ऑगस्ट-सप्टेंबर, आकार हवा तर ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि मार्च ते मे हिरेभास्कर. बरोबर ना?

मिरजमाहेर
अगदी. जूनमध्ये मात्र येऊ नका, तेव्हा फक्त चिखल आणि इंबळ.

शमा_टोरांटो
इंबळ म्हणजे?

मिरजमाहेर
जळवा हो. इथे इंबळ म्हणतात. सुपारीच्या बागेत, पाचोळ्यात, गवतात सगळीकडे. मोज्यांच्या विणीतूनही आत शिरतात. जोगच्या कठड्यापाशी विशेष नाहीत, तिथे सगळं फरसबंद आहे. पण उंचळ्ळीला किंवा रानातल्या कुठल्याही वाटेवर गेलात तर भेटणारच. आमच्याकडे पायाला तंबाखूचं पाणी किंवा चुना लावतात. ओढून काढू नका, मीठ टाका, आपण होऊन सुटते. रक्त थोडा वेळ थांबत नाही, त्याने घाबरू नका. आमच्या सासूबाई तर तिकडे लक्षच देत नाहीत, भाजी चिरता चिरता झटकून टाकतात.

रानजाई
उंचळ्ळीचं नाव निघालं म्हणून. सिद्दापूरच्या बाजूला, हेग्गरणे गावाजवळ, अघनाशिनी नदीवर. ११६ मीटर. जोगच्या निम्म्याहून कमी, पण अघनाशिनीवर एकही मोठं धरण नाही. त्यामुळे पाऊस पडला की पाणी येतं, इतकं साधं. शेवटचा काही भाग रानातून चालत. शिरसीहून जोगला जाताना अर्धा दिवस जास्त असेल तर हे दोन धबधबे पाठोपाठ बघावेत. एक अडवलेल्या नदीचा, एक मोकळ्या नदीचा. आम्ही तसे बघितले आणि गाडीत वाद झाला की मोठा कोणता.

शिरसीतून बनवासीही जवळ आहे. कदंबांची राजधानी, वरदा नदीच्या काठी, मधुकेश्वराचं देऊळ. आणि शिरसीत मिळालं तर तोडदेवू घ्या. उसाच्या रसाचा, कागदाइतका पातळ गोड पापुद्रा असतो, मडक्याच्या पालथ्या पाठीवर करतात. घरी आणेपर्यंत त्याचा चुरा होतो, तेव्हा तिथेच खा.

मुंबईचा_पाऊस
आम्ही पुढच्या पावसाळ्यात जायचं म्हणतोय. ड्रोन चालतो का तिथे? आणि राजाच्या डोक्यावर, कड्याच्या टोकापर्यंत जाता येतं का? एका रीलमध्ये बघितलं.

गाडीवान
ड्रोनला आधी परवानगी काढा. विनापरवाना उडवणाऱ्यांचे तिथे पोलीस जप्त करतात, माझ्यासमोर झालंय. आणि दरवाजे कधी किती उघडतील ते कड्यावरच्या माणसाला कळत नाही. पाण्याला सहा किलोमीटर यायला किती वेळ लागतो, हिशोब करा.

मिरजमाहेर
भोंगा वाजवतात, पण रोअररच्या शेजारी उभं राहून भोंगा ऐकू येणार आहे का? कडा शेवाळलेला असतो. जुन्या काळच्या वर्णनांत लोक कड्यावर पालथे पडून खाली डोकावायचे असं वाचलंय. तेव्हा त्यांना दोराने धरायला माणसं असायची, रील काढायला नव्हे. दरवर्षी कुणीतरी घसरतं आणि मग आमच्या भागातल्याच पोरांना दोर बांधून खाली उतरावं लागतं. कृपा करून कठड्याच्या अलीकडे राहा.

पायपीट
+१. एवढ्या बाबतीत तरी.

कुंदा_बेळगाव
परतीच्या रस्त्याबद्दल विचारायचं राहिलं. जोगहून होन्नावरला उतरायचा घाट कसा आहे? बाबांना वळणांचा त्रास होतो. आणि सिगंदूरला जायचं आहे, आईचा नवस आहे. लाँचसाठी फार थांबावं लागतं का?

मिरजमाहेर
कुंदाताई, लाँचची गरज राहिली नाही! जुलै २०२५ मध्ये लिंगनमक्कीच्या बॅकवॉटरवरचा मोठा पूल सुरू झाला, तारांवर तोललेला, अडीच किलोमीटरच्या आत-बाहेर. पूर्वी लाँचवर गाडी चढवायला सुट्टीच्या दिवशी तासन्तास रांग लागायची, आता पाचेक मिनिटांत पलीकडे. चौडेश्वरीचं दर्शन लवकर होतं, पण दसऱ्यात देवळात गर्दी भयंकर असते, तेव्हा सकाळी सातच्या आत पोचा. लाँचची गंमत गेली म्हणून हळहळणारे आमच्या घरातच आहेत, त्यांना रांगेत उभं राहावं लागत नसे.

घाट जोग ते होन्नावर साठेक किलोमीटर. वळणं आहेत, रान दाट, मध्ये फारशी वस्ती नाही, मोबाईलची रेंज जाते-येते. अंधार पडायच्या आत उतरा. बाबांना पुढच्या सीटवर बसवा, निघताना पोटभर जेवू नका. घाट उतरल्यावर गेरसोप्प्याला थांबून कषाय घ्या, धणे-जिऱ्याचं दूध घातलेलं, मळमळीवर चांगलं.

वळणवाट
आम्ही तो घाट दुपारी उतरलो. खाली आल्यावर शरावती पुन्हा भेटते, आणि ओळखू येत नाही इतकी रुंद आणि संथ होते. होन्नावरला कोकण रेल्वेचा पूल आहे, त्या मार्गावरचा सर्वात लांब, दोन किलोमीटरच्या वर. महामार्गाच्या पुलावरून तो शेजारीच दिसतो. आमच्या चिरंजीवांना, ज्यांनी जोगपाशी मोबाईलमधून मान वर काढली नव्हती, हा पूल फार आवडला. गाडी येईपर्यंत थांबायला लावलं.

पोफळीकर
चिरंजीवांना अभियांत्रिकीला घाला.

वळणवाट
तो म्हणतो लोकोपायलट.

इतिहासवेडा
होन्नावरहून उत्तरेला निघाल्यावर गोकर्ण वाटेत आहेच. १६६५ मध्ये शिवाजी महाराज बसरूरच्या स्वारीहून परतताना गोकर्णाला थांबले होते. म्हणजे परतीचा हा रस्ता नवा नाही. :)

कुंदा_बेळगाव
सर्वांना मनापासून धन्यवाद. बेत असा ठरवतेय: बेळगाव, शिरसी मुक्काम, सकाळी जोग, सागरला मुक्काम, दुसऱ्या दिवशी पहाटे सिगंदूर, केळदी-इक्केरी, मग घाट उतरून होन्नावर. उंचळ्ळी बाबांमुळे सोडते. दसऱ्यापर्यंत दरवाजे बंद झाले असतील का?

मिरजमाहेर
परतीचा पाऊस कसा होतो त्यावर आहे. धरण भरलेलं असलं आणि ऑक्टोबरात वर जोराचा पाऊस झाला तर पुन्हा उघडतात. नाही उघडले तरी गाडीवान म्हणतात तसा चार धारांचा जोग मिळेल, आणि दिवस निरभ्र असेल. सिगंदूर आणि केळदी एकाच दिवशी दाटीचं होईल, सागरला एक रात्र वाढवा. नवरात्रात इथली हॉटेलं भरतात, खोली आत्ताच सांगून ठेवा. पातळी मी रोज बघतेच, दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात इथे आकडा टाकते.

मुंबईचा_पाऊस
ताई, पुढच्या ऑगस्टमध्येही टाका. १८१५ झाले की मी रजेचा अर्ज देतो.

गाडीवान
१८१२ ला दे. साहेबांनी मंजूर करेपर्यंत १८१९ होतील.